बसणाऱ्यांचं तिकीट

पाण्यात न उतरता नुसतं काठावर बसणाऱ्या माणसाकडून किती पैसे घ्यायचे, यावरून आमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. वॉटर पार्क अजून उघडायचं होतं. घसरगुंडीवरून पाणी सोडून पाहायचं होतं, इन्शुरन्सवाल्यांच्या शंका फिटायच्या होत्या, छत एका कोपऱ्यात गळत होतं. पण आमचं घोडं अडलं होतं ते अशा गिऱ्हाइकापाशी, जे अजून आलंही नव्हतं आणि आलं तरी पाण्याला शिवणार नव्हतं. मी म्हणत होते, पूर्ण तिकीट. नवरा म्हणत होता, नावापुरते दोन युरो. आणि आमची पार्टनर म्हणत होती, फुकट सोड गं, चहा तर घेईल ना ती.

पार्टनर इथलीच, आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याची. माझ्या लेकीला पोहायला शिकवायची, तिथली ओळख. ही बाई भर जानेवारीत समुद्रात उतरते, निळी पडून बाहेर येते आणि विचारलं तर 'ग्रँड' म्हणते, म्हणजे इथल्या भाषेत झकास. एका शनिवारी आम्ही दोघी शॅननला पोहण्याच्या क्लासबाहेर उभ्या होतो. पाऊस आडवा लागत होता, मुलं गाड्यांच्या काचांना नाकं लावून बसली होती, आणि ती म्हणाली की पावसाळी दिवशी पोरांना न्यायला या गावात एक धड जागा नाही. पावसाळी दिवस म्हणजे इथे जवळपास सगळेच. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक शेड रिकामी पडली होती. त्याच इस्टेटमधल्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षं बिलं काढत होते आणि जीव नुसता विटला होता. आम्ही दोघींनी त्याच दुपारी जाऊन शेडच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याने लॅपटॉपमधून मान वर केली. तो सॉफ्टवेअरमधला, घरूनच काम करतो, म्हणजे मी काही महत्त्वाचं बोलले की नेमका मीटिंगमध्ये असतो. म्हणाला, "ज्या देशात आभाळातून फुकट पाणी पडतं, तिथे तू पाणी विकणार?"

"गरम पाणी," मी म्हटलं.

माझा बिझनेस प्लॅन एवढाच होता आणि खरं सांगायचं तर अजूनही त्यात फारशी भर पडलेली नाही.

बांधकामाने मात्र माझ्या डोक्यावर मिरे वाटले. बंद पडलेल्या एका हॉटेलची जुनी घसरगुंडी स्वस्तात मिळाली. ती तुकड्यातुकड्यांनी आली आणि जोडायला घेतल्यावर कळलं की एक वळण कमी आहे. त्यामुळे आमची घसरगुंडी सुरू होते न होते तोच संपते. नवऱ्याने लगेच वेबसाइटवर 'लहान मुलांसाठी खास' असं लिहून टाकलं. मग फरशीचं प्रकरण. आपल्याकडे नवी फरशी बसली की गवंड्याच्या देखत बादलीभर पाणी ओतायचं आणि ते मोरीकडे जातंय की स्वयंपाकघराकडे ते बघायचं, ही रीत. मी बादली घेऊन गेले. कॉन्ट्रॅक्टरच्या हातात पातळी तपासायला भिंतीवर लाल रेघ मारणारं यंत्र होतं, तो गालातल्या गालात हसला. मी पाणी ओतलं. ते रमतगमत तिकिटाच्या खिडकीकडे निघालं.

"ग्रँड," तो म्हणाला.

"ग्रँड काय, कपाळ!" मी मराठीतच ओरडले आणि त्याला बरोबर कळलं. फरशी पुन्हा उखडली.

आणि मग उताराचं भांडण. मोठ्या तळ्यात उतरायला नकाशात पायऱ्या होत्या. मी म्हटलं, पायऱ्या नकोत, उतार हवा. लांबलचक, सावकाश खाली जाणारा, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पाणी कमरेएवढं, आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट. पार्टनर म्हणाली, खर्च बघ. नवऱ्याने खर्च बघितला आणि पाणी प्यायला उठून गेला. पण मी हट्टाला पेटले. शेवटी पार्टनरलाच सुचलं की व्हीलचेअरवाल्यांना, म्हाताऱ्यांना, काखेत तान्हं घेतलेल्या आयांना सगळ्यांनाच हे बरं पडेल, काउन्सिलही खूश होईल. तिने माझ्या दूरदृष्टीचं फार कौतुक केलं. मी ते गपचूप घेतलं. खरं कारण तिला सांगितलंच नाही. तो उतार मी माझ्या आईसाठी करून घेत होते.

आई येणार होती. बाबा गेल्यापासून ती दर वर्षाआड पुण्याहून येते, या वेळी मात्र फोनवरच बजावलं होतं, "हा शेवटचा फेरा हं. माझ्या गुडघ्यांना आता विमान सोसत नाही." तिचं परतीचं तिकीट आमच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवसाचं निघालं, तेही भाऊरायांनी काढलेलं, मला न विचारता. म्हणजे मला जे करायचं होतं ते उद्घाटनाआधी करायचं होतं. मला आईला एकदा पाण्यात उतरलेलं बघायचं होतं.

यामागे एक जुना राग आहे. लहानपणी दर मे महिन्यात बाबा आम्हाला पुण्याजवळच्या एका वॉटर पार्कला न्यायचे. आम्ही दोघं भावंडं, काका, काकू, चुलत भावंडं, सगळी पलटण. आणि प्रत्येक वेळी आई एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची. तिच्या मांडीवर सगळ्यांची घड्याळं, पायाशी सगळ्यांच्या चपला, खांद्यावर ओले टॉवेल. बाहेरचं खाणं न्यायला मनाई होती म्हणून पुऱ्या आणि चिवडा टॉवेलांच्या घडीत लपवून आणलेला, त्याचीही राखण तिच्याकडेच. पहिल्या वर्षी बाबा तिकिटाच्या खिडकीवर भांडले. "ही पाण्यात पायसुद्धा घालणार नाही, हिचं पूर्ण तिकीट कशाला?" मागे रांग खोळंबली, खिडकीतला माणूस वैतागला आणि अर्ध्या तिकिटावर तयार झाला. मग दर वर्षी अर्धंच. ही बाबांची मर्दुमकी त्यांनी आमच्या घराण्यातल्या एकूण एक लग्नांत सांगितली. ते सांगायचे, काका पुस्ती जोडायचे, लोक हसायचे, आई वाढपात असायची.

मला त्या अर्ध्या तिकिटाची आजही चीड येते. मी मोठी झाले, इथे आले, आणि बघते तर तेच. लिमरिकहून, गॉलवेहून आपली कुटुंबं कुठेही सहलीला गेली की एक बाई बॅगांपाशी बसलेली असतेच. कधी आई, कधी सासू, कधी नुकतीच आलेली वहिनी. म्हणून माझं गणित पक्कं होतं. बसणं स्वस्त ठेवलं की घरातली बाई बसते. पूर्ण पैसे घेतले की आपला माणूस तिला बसू देणारच नाही. पैसे भरलेत ना, मग उतर, वसूल कर! जी गोष्ट प्रेमाने होत नाही ती पैसा वसूल करण्याच्या हौसेने होते, एवढं मी माझ्या माणसांना ओळखून आहे.

"तुझे बाबा असते ना," नवरा म्हणाला, "तर तुझ्याच खिडकीवर भांडले असते."

"यायला हवे होते की! मीच बसले असते खिडकीत."

पार्टनरला यातलं काही पटत नव्हतं. तिचं म्हणणं, इथल्या आज्या तशाही थर्मास घेऊन गाडीत बसून राहतात, त्यांना निदान आत तरी येऊ दे. शिवाय फॅमिली तिकिटावरून वेगळाच घोळ. तिच्या हिशेबी कुटुंब म्हणजे आईवडील आणि मुलं, मग मुलं कितीही असोत. मी विचारलं, आणि आजी? ती म्हणाली, आजी तर बसणारी. म्हणजे फिरून गाडी पुन्हा त्याच खुर्चीपाशी. तोवर दर्शनी भिंतीवरचा दरांचा फलक रंगवून झाला होता. लहान मुलं, मोठी माणसं, फॅमिली, सगळे आकडे झोकात उभे होते, फक्त 'बसणाऱ्यांसाठी' या ओळीपुढची जागा कोरी होती. रंगारी दर आठवड्याला फोन करून विचारायचा, ठरलं का.

आई आली तेव्हा ही चर्चा ऐन रंगात होती. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी हातवारे करत होतो आणि आई बाजूला मेथी निवडत बसली होती. बसणाऱ्या बाईचं काय करायचं यावर आम्ही घसा कोरडा करत होतो, आणि तिला विचारावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. मधे उठून तिने सगळ्यांना चहा दिला. पार्टनर चहा पिऊन म्हणाली, "तुझी आई किती शांत आहे."

आईने फक्त एकच विचारलं. "खुर्च्या कसल्या घेतल्यास गं?"

"बाक घेतलेत. थोडेच. बिनपाठीचे."

"पाठ नाही त्यांना?"

"मुद्दामच नाही ठेवली. आरामात टेकून बसायला मिळालं तर उतरेल कोण पाण्यात?"

"अस्सं," आई म्हणाली आणि मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या.

मी तिच्यासाठी पोहण्याचा अंगभर पोशाख मागवला होता. लांब बाह्या, घोट्यापर्यंत विजार, वर झालरीसारखा घोळ. तिच्या पलंगावर ठेवला. तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "कापड छान आहे. पण पोरीला मोठा नाही का होणार?" मी म्हटलं, तुझ्यासाठी आहे. ती हसली, म्हणाली, "काहीतरीच तुझं," आणि त्याची व्यवस्थित घडी घालून प्रेसमध्ये ठेवून दिला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे तिने माझ्या लेकीकडून शिकून घेतलं होतं.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी आम्ही रंगीत तालीम ठेवली. तिकीट नाही, सगळं फुकट, फक्त पाणी, पंप आणि माणसं एकत्र चालतात का ते बघायचं. आपली ओळखीची कुटुंबं आली, पार्टनरच्या क्लासची मुलं आली. बाहेर धो धो पाऊस आणि आत गरम वाफ, आणि त्या वाफेत पोरांचा असा काही कल्ला की कानठळ्या बसाव्यात. घसरगुंडी लवकर संपते म्हणून कुणी तक्रार केली नाही, उलट रांग भराभर सरकत होती. माझ्या उतारावरून सगळ्यात आधी कोण उतरलं असेल? माझा नवरा. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे गच्च धरून, एक एक पाऊल टाकत. इतक्या वर्षांच्या संसारात तो पाण्याला घाबरतो हे मला ठाऊक नव्हतं.

आई साडीवर स्वेटर घालून आली होती, खांद्याला कापडी पिशवी. तो पोशाख मी माझ्या बॅगेत घालून आणला होता. मी तिला हाताला धरून थेट उतारापाशी नेलं.

"बघ, पायरी एकही नाही. दांडे आहेत. पाणी गरम आहे. मी आहे बरोबर. चल, कपडे बदलून घे."

"नको गं."

"नको काय? थांब, हे धर जरा." मी माझा फोन, किल्ल्या आणि घड्याळ तिच्या हातात दिलं, विजार वर दुमडली आणि पाण्यात पाय घातला. "बघ, काही होत नाही."

आईने फोन, किल्ल्या आणि घड्याळ पिशवीत टाकलं आणि इकडेतिकडे बसायला जागा शोधायला लागली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, आता तरी! आता बाबा नाहीत, कुणी काही म्हणणार नाही. जन्मभर तुला त्या खुर्चीवर बसवलं सगळ्यांनी. चपला राखायला! एकानेही कधी म्हटलं नाही की तू पण ये. तुझ्यासाठी, फक्त तुझ्यासाठी हा उतार केलाय मी, लोकांशी भांडून केलाय, आणि तू पुन्हा बसायलाच निघालीस?" मी रडतच होते बहुतेक. वाफेत कुणाला कळलं नाही एवढंच बरं.

 आईने पदराने माझं तोंड पुसलं, शाळेत असताना पुसायची तसं खसाखसा.

"तुला काय वाटलं, मी तिथे नाइलाजाने बसायची?"

"मग?"

"अगं बाई, वर्षातला तो एक दिवस मी बसायची. घरात टेकले की कुणीतरी हाक मारायचंच. पाणी दे, टॉवेल दे, माझा शर्ट कुठेय, पाहुणे आलेत. तिथे तुम्ही सगळे एकदा पाण्यात गेलात की गेलात. काही मागायचं तर बाहेर यावं लागायचं, आणि तुम्ही कसले बाहेर येताय! सकाळपासून उन्हं कलेपर्यंत मी बसून असायची. पाय पसरून. चिवडा खायची. शेजारच्या खुर्च्यांवर माझ्यासारख्याच असायच्या, काय गप्पा व्हायच्या! एक नागपूरकडची होती, तिने मला सांबारवडी शिकवली नुसती बोलून. मे महिना कधी येतो याची मी वाट बघायची."

मी तशीच उभी. पाय पाण्यात, विजार गुडघ्यापर्यंत, तोंड उघडं.

"वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं," आई म्हणाली. "अर्धं तिकीट. तुम्ही सगळ्यांनी मजा केली, तशी मी पण केली. दिवसभर केली. मग माझं अर्धं का? आणि ते पुन्हा चारचौघांत सांगायचं, हिचं अर्ध्यात भागलं म्हणून." तिने सगळ्या हॉलवर एक नजर फिरवली. भिंतीकडेच्या बाकांवर दोन-तीन बायका अवघडून बसल्या होत्या, मांडीवर बॅगा, पाठीत बाक. "आणि तू तर पाठसुद्धा काढून टाकलीस."

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मी उलट बोलले असते, भांडले असते, ते मला जमतं.

मी पाण्यातून बाहेर आले, तिकिटाच्या खिडकीत गेले आणि तिथली खुर्ची ढकलत आणली. पाठीची, हातांची, गादीची. ती उताराशेजारी ठेवली. आई बसली, टेकली, पाय पसरले आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. आत बाहेरचं खाणं आणायचं नाही अशी पाटी मीच लावली होती. मी तिच्या बाजूला एक बाक ओढला आणि बसले. आम्ही दोघी चिवडा खात नवऱ्याचं परत वर चढणं बघत होतो.

तेवढ्यात पाण्यातून माझी लेक ओरडली, "मॉम! व्हेअर्स माय टॉवेल?"

मी उठले. म्हणजे उठायला लागले. आईने माझ्या मांडीवर हात दाबला आणि त्या कल्लोळाच्याही वर जाईल अशा आवाजात नातीला म्हणाली, "ती बसलीय!"

लेकीला मराठी सगळं कळतं, बोलत नाही तेवढंच. ती स्वतःच बाहेर आली आणि भिजल्या पायांनी टॉवेल शोधत गेली. तो तिच्याच बॅगेत होता.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याचा फोन आला. मी म्हटलं, पूर्ण. मोठ्या माणसाचं जेवढं, तेवढंच. नवरा म्हणाला, म्हणजे शेवटी तुझंच खरं झालं. मी त्याला तसंच वाटू दिलं. पार्टनरला मात्र सगळं सांगितलं, कारण बाक परत करून पाठीच्या, हातांच्या खुर्च्या आणायच्या होत्या आणि त्याचा खर्च तिच्याही गळ्यात पडणार होता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पूर्ण पैसे घेणार असशील तर चहा त्यातच दे. आणि तो त्यांच्या हातात नेऊन द्यायचा, उठायला लावायचं नाही." आम्ही फलकावर तेही लिहून घेतलं.

विमानाच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, वाटेत पार्कपाशी जरा थांबूया. मला वाटलं, तिला शेवटचं बघायचं असेल. तिने आत शिरून तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मशीन चालू आहे का?"

"आहे. का गं?"

"एक तिकीट दे. बसणाऱ्याचं."

मी हसले. "आई, तुला कशाला तिकीट? आणि उघडणार उद्या."

"दे म्हटलं ना." तिने पाकिटातून पैसे काढून खिडकीत ठेवले. आमच्या पार्कचं ते पहिलं तिकीट. मशीनमधून ते जरा तिरकंच निघालं. तिने चष्मा लावून त्यावरचा आकडा वाचला, भिंतीवरच्या फलकाशी ताडून पाहिला आणि पासपोर्टच्या आत नीट सपाट ठेवलं.

"काय करणार त्याचं?" मी विचारलं.

"तुझा काका अजून ती अर्ध्या तिकिटाची गोष्ट सांगतो," आई म्हणाली. "पुढच्या लग्नात सांगू दे त्याला. सांगून झाली की मी हे दाखवीन."